उत्तर आलं, पण ताळा पाहिला का?

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख करून देताना "हा बिटकॉइनमध्ये काम करतो" असं सांगितलं आणि लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग आम्हाले बी दे ना बे दोन-चार!" आवाज ओळखीचा आहे. १९९४ मध्येही तो मागच्याच बाकावरून यायचा.

तर आधी एक खुलासा. मी बिटकॉइन विकत नाही, कुणाला घ्या म्हणत नाही आणि वाटत तर अजिबात नाही. 'गेनबिटकॉइन' हे नाव आपल्यातल्या काहींनी ऐकलं असेल. महिन्याला दहा टक्के, तेही सलग अठरा महिने, असं आमिष दाखवून त्या योजनेने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतले पैसे ओढून घेतले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. तिथे बिटकॉइनच्या यंत्रणेत काहीच बिघडलं नव्हतं, बिघडला होता तो माणसावर टाकलेला विश्वास. दहा टक्के महिना देणारा कुणी भेटला तर तो कोणत्या चलनाचं नाव घेतो हे न विचारता उठून घरी जायचं, एवढा एकच सल्ला मी गुंतवणुकीबद्दल देऊ शकतो.

मग मी करतो काय? पुण्यात एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासतो. अशा चलनांच्या तिजोऱ्या सांभाळणारं ते सॉफ्टवेअर आहे. गेली काही वर्षं माझ्याकडे आणखी एक काम आहे. बिटकॉइनच्या मूळ नियमांत नव्या आज्ञा घालाव्यात असे प्रस्ताव जगभरातून येत असतात. ते वाचायचे, करून बघायचे, आणि आपल्या मते ते यावेत की येऊ नयेत, का, यावर कंपनीला टिपण द्यायचं. हे ऐकायला कोरडं वाटेल. पण यातलं सगळ्यात मोठं शिक्षण मला पुण्यात मिळालं नाही. ते मिळालं आपल्या वर्गाच्या निधीतून. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो.

तुम्हाला आठवत असेल, आपण २०१६ मध्ये वर्गाचा निधी सुरू केला. दरसाल प्रत्येकी पाचशे रुपये. बँकेत संयुक्त खातं उघडलं आणि अट लिहून दिली की पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील. आपल्याला ती अट फार शहाणपणाची वाटली. एकट्याच्या हातात पैसा नको, एवढाच विचार आपण केला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपला खजिनदार गेला. त्याचा फोटो आज दाराशी लावला आहे, येताना सगळ्यांनी पाहिलाच. जूनमध्ये काकांना नागपूरला दवाखान्यात भरती करावं लागलं. खात्यात एक लाख साठ हजार रुपये होते आणि त्यातला एक रुपया निघत नव्हता, कारण दुसरी सही करणारा माणूस या जगात नव्हता. बँकेचा यात दोष नाही. अट आपणच लिहिली होती. दोघांपैकी एक नसला तर काय, हे लिहायचं आपण विसरलो होतो. शेवटी आपल्यातल्या एकीने पाटल्या गहाण ठेवल्या. त्या सोडवायला आपल्याला चार महिने लागले. काका बरे झाले, आज ते पुढे बसले आहेत, आणि मघाशी मेळाव्याची घंटा त्यांनीच दिली. पण त्या चार महिन्यांत मी एक गोष्ट शिकलो. पैशाला घातलेली अट चोराला अडवते, तशीच ती कधीकधी मालकालाही अडवते.

आता बिटकॉइनकडे येतो. बिटकॉइनमध्ये बँकेसारखं खातं नसतं. पैशांच्या वेगवेगळ्या पुड्या असतात असं समजा, आणि प्रत्येक पुडीवर एक अट लिहिलेली असते. "अमक्या चावीची सही दाखवेल त्याला पुडी उघडू द्या." "या तीन चाव्यांपैकी दोघींच्या सह्या आणा." ज्या भाषेत ही अट लिहितात तिला स्क्रिप्ट म्हणतात. ही भाषा मुद्दाम गरीब ठेवलेली आहे. तिच्यात फेरे मारता येत नाहीत, मागचं काही आठवत नाही. आपल्या भंडाऱ्याच्या पितळी ताटांची चवड डोळ्यांपुढे आणा. वरचं ताट काढा, तपासा, नवं ठेवा, पुन्हा वरचं काढा. असं करत शेवटी सगळ्यात वर 'हो' आलं तर पुडी उघडते. आणि हा हिशेब एकाच संगणकावर होत नाही. जगभरातले हजारो संगणक प्रत्येक व्यवहार आपापला तपासतात आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत सारखं यावं लागतं.

म्हणून या भाषेत एक नवी आज्ञा घालणं फार जोखमीचं असतं. आपण मामा तलावांच्या मुलखातली माणसं आहोत. भरलेल्या तळ्याच्या पाळीत नवी मोरी पाडायची असं कुणी म्हटलं तर गावातली म्हातारी माणसं काय विचारतील? मोरीमुळे कोणाचं शेत भिजेल हे तर विचारतीलच, पण त्याआधी विचारतील, "फुटली तं कोनाच्या घरात पानी जाईन?" बिटकॉइनचं तळं कायम भरलेलं असतं. मोरी एकदा पाडली आणि कुणी तिच्या भरवशावर पेरणी केली की ती बुजवता येत नाही. बुजवली तर त्या माणसाचे पैसे अडकतात.

माझं पहिलं टिपण मी २०२२ मध्ये लिहिलं. प्रस्ताव होता 'चेक टेम्प्लेट व्हेरिफाय' नावाच्या आज्ञेचा. थोडक्यात तिला सीटीव्ही म्हणतात. प्रस्तावाचा क्रमांक ११९, मांडणारे जेरेमी रुबिन. आजवरच्या अटी फक्त "पुडी कोण उघडेल" एवढंच सांगू शकतात. सीटीव्ही सांगते, "पुडी उघडल्यावर पैसे कुठे आणि किती जातील". ही पुढची वाट आधीच ठरवून टाकायची. मला हे वाचून आनंद झाला. मी टिपणात आपल्या निधीचंच उदाहरण दिलं. नाव कुणाचं लिहिलं नाही, पण गोष्ट आपलीच. लिहिलं की एका वर्गाचा निधी असा असा अडकला, ही आज्ञा असती तर अडकला नसता. मोठ्या अभिमानाने मसुदा संपवला.

मग रात्री झोपताना आपले गणिताचे सर आठवले. सर, तुम्ही समोर आहात म्हणून सांगत नाही. उदाहरण सोडवून वही दाखवायला आणली की तुम्ही उत्तराकडे पाहायचाच नाहीत. आधी विचारायचात, "उत्तर आलं, ते दिसलं. ताळा पाहिला का?" ताळा लिहिला नसेल तर बरोबर उत्तराचाही अर्धा गुण कापायचात. त्या अर्ध्या गुणावरून माझ्या वडिलांनी तुमच्याशी घातलेला वादही मला आठवतो. त्या रात्री मी उठलो आणि माझ्या टिपणाचा ताळा करायला बसलो.

पहिला ताळा हा की हे काम जुन्या आज्ञांत भागतं का? आणि मित्रहो, मला घाम फुटला. भागत होतं! बिटकॉइनमध्ये मुदतीचं कुलूप २०१५ च्या डिसेंबरपासून आहे. पुडी आल्यापासून इतके दिवस उलटल्यावरच उघडेल, असं कुलूप २०१६ च्या जुलैपासून आहे. म्हणजे "दोघांच्या सह्या आणा, नाहीतर वर्षभर पैसे हलले नाहीत तर एकाची सही पुरे" अशी अट आपण निधी सुरू केला त्याच वर्षापासून लिहिता येत होती. आपला निधी अडकला तो आज्ञा नव्हती म्हणून नाही. त्या प्रश्नाचा विचार केला नव्हता म्हणून तो अडकला. आणि बँकेत तर त्यासाठी संगणकसुद्धा लागला नसता, तीन नावं आणि "कोणत्याही दोघांच्या सह्या" एवढी एक ओळ पुरली असती. माझं सगळ्यात लाडकं उदाहरणच टिपणातून खोडावं लागलं.

दुसरा ताळा म्हणजे वाईटात वाईट वापर. चांगला माणूस ही आज्ञा कशी वापरेल हे प्रस्तावात लिहिलेलंच असतं. वाईट माणूस कशी वापरेल हे आपल्याला शोधावं लागतं. बिटकॉइनच्या पहिल्या आवृत्तीत 'कॅट' नावाची एक साधी आज्ञा होती. दोन तुकडे घ्यायचे आणि जोडायचे, बस. पण वरच्या ताटाची नक्कल करायची आणि दोन्ही जोडायची, पुन्हा नक्कल, पुन्हा जोड, असं चाळीस वेळा केलं तर? धानाचा एक दाणा घेऊन चाळीस वेळा दुप्पट करून बघा. एका दाण्याचं वजन २५ मिलिग्रॅम धरलं तरी सत्तावीस हजार टन धान होतं. तसंच एका अक्षराचं चाळीस पायऱ्यांत दहा हजार कोटींच्याही दहापट ओझं होतं आणि तपासणारा संगणक आडवा पडतो. २०१० च्या जुलैमध्ये तर याहून भयंकर चूक सापडली. 'रिटर्न' नावाच्या आज्ञेने तपासणी अर्ध्यात थांबवून कुणीही कुणाचीही पुडी उघडू शकत होतं. ती वेळीच दुरुस्त झाली. पुढच्याच महिन्यात कॅटसकट पंधरा आज्ञा सरळ बंद केल्या गेल्या. सातोशी नाकामोतो या टोपणनावामागे कोण आहे हे जगाला माहीत नाही. पण ज्याने ही भाषा लिहिली त्यानेच आपल्या हाताने तिच्या पंधरा आज्ञा बंद केल्या, याचं मला फार कौतुक वाटतं. स्वतःच्या उत्तराचा ताळा चुकला हे मान्य करणं सोपं नसतं.

तिसरा ताळा असा की ही आज्ञा शेजारणीला भेटली तर काय होईल? एकेकटी निरुपद्रवी, पण दोघी भेटल्या की वेगळंच. आपल्या वर्गातही अशा दोन जोड्या होत्या, सरांना आठवत असतील. २०११ च्या शेवटी 'इव्हॅल' नावाची आज्ञा जवळजवळ मंजूर होत आली होती. अटीच्या आत दुसरी अट ठेवून ती चालवायची, अशी तिची कल्पना. रसेल ओ'कॉनर यांनी दाखवून दिलं की यातून न संपणारा फेरा तयार होऊ शकतो. आज्ञा मागे घेतली गेली आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये तिच्याऐवजी एक साधा, मर्यादित उपाय लागू झाला. आज तीच जुनी कॅट परत आणावी असा प्रस्ताव आहे, क्रमांक ३४७. आता तुकड्याची लांबी ५२० अक्षरांपुरती बांधली आहे, त्यामुळे एका दाण्याची दुप्पट नऊ वेळाच होते, दहाव्याला अडते. धानाचा धोका टळला. पण २०२१ मध्ये अँड्र्यू पोएल्स्ट्रा यांनी दाखवलं की नव्या पद्धतीच्या सहीशी कॅटची गाठ घातली तर जुळवाजुळवीने सीटीव्हीसारखी आणि त्याहूनही पुढची बंधनं बांधता येतात. डझनभर ओळींची आज्ञा, आणि तिच्यातून काय काय निघेल याची यादी आजही कुणाला पुरी करता आलेली नाही. काहींना हाच तिचा गुण वाटतो. मला मात्र यादी पुरी होईपर्यंत झोप लागत नाही.

चौथा ताळा, चूक राहिली तर ती काढता येईल का? अनेक सह्यांची जी जुनी आज्ञा आहे तिच्यात पहिल्या दिवसापासून एक चूक आहे. दोन सह्या तपासायच्या असतील तर ती चवडीवरून एक ताट जास्तच उचलते. त्या जास्तीच्या ताटाचा काही उपयोग नाही. पण आता ही चूक दुरुस्त केली तर जुन्या पुड्या उघडणार नाहीत. म्हणून आजही त्या आज्ञेला दोन सह्यांबरोबर एक रिकामं ताट वाढावं लागतं. २०१७ मध्ये नियम झाला की ते ताट रिकामंच असलं पाहिजे. म्हणजे चूक काढता आली नाही, तर चुकीचा नियम करून घेतला. हसू नका, आपल्या सरकारी कचेऱ्यांतही असे अर्ज आहेत.

पाचवा ताळा सगळ्यात अवघड आणि तो संगणकावर होत नाही. खरी माणसं ही आज्ञा कशी वापरतील? २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'टॅपरूट' नावाची सुधारणा लागू झाली. सह्या सुटसुटीत व्हाव्यात, अटी खाजगी राहाव्यात, हा हेतू. त्यात स्क्रिप्टच्या एकूण लांबीची जुनी मर्यादा काढली गेली. वर्षानुवर्षं जाणकारांनी ती तपासली होती. २०२३ च्या जानेवारीपासून लोकांनी त्या जागेत चक्क चित्रं भरायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीत जवळपास चार मेगाबाइटचा एक अख्खा ठोकळा एका चित्राने भरला. चांगलं की वाईट यावर अजून भांडण चालू आहे. मी एवढंच म्हणतो की मोरी धानासाठी पाडली आणि पोरं तिच्यात पोहायला लागली.

या पाचव्या ताळ्याला मी कसा नापास झालो ते आता सांगतो. निधीच्या उदाहरणातला सह्यांचा भाग खोडला, पण दुसरा भाग मी धरून ठेवला. आपला निधी फक्त शाळेच्याच खात्यात जावा, दुसरीकडे वळू नये, हे जुन्या आज्ञांत जमत नाही आणि सीटीव्हीने जमतं. सराव करायला 'सिग्नेट' नावाचं एक जाळं असतं, तिथल्या नाण्यांना किंमत नसते. तिथे मी आपला खोटा निधी बांधला. दहा हजार नाणी जमा करा, ती ठरलेल्या ठिकाणीच जातील. व्यवस्थित गेली. मी खूश. त्या रविवारी पाटल्यावाल्या मैत्रिणीचा फोन आला होता. काय करतो म्हणून तिने विचारलं, मी उत्साहाने सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली,

"बरं. पन आम्ही त दरसाली पाचशे टाकतो. तू दिलेला तोच नंबर ग्रुपवर पडला राहते. मंग पुढच्या साली मी त्याच नंबरावर पाचशे टाकले तं?"

मी म्हटलं, "त्या पत्त्यावर दहा हजारच यायला पाहिजेत."

"अरे, मले काय मालूम? मी पाचशे टाकीन. ते कुठं जातीन?"

मी करून बघितलं. कुठेच जात नव्हते. अट म्हणते की दहा हजार बाहेर काढा, आत आहेत पाचशे. दुसरी वाट ठेवलेली नव्हती. ते पाचशे जगाच्या अंतापर्यंत तिथेच राहणार होते. उलट बाजूने पंधरा हजार टाकले तर दहा हजार शाळेला जाणार आणि वरचे पाच हजार व्यवहाराचं शुल्क म्हणून कुठल्यातरी परक्या संगणकवाल्याच्या खिशात. प्रस्तावाच्या दस्तऐवजात ही गोष्ट लपवलेली नव्हती, मीही ती वाचली होती. पण ती वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्यासारखाच माणूस होता, दरवेळी नवा पत्ता काढणारा. पाचशे रुपये टाकणारी, नंबर ग्रुपवरून उचलणारी माणसं, म्हणजे आपण सगळे, माझ्या डोळ्यांपुढे नव्हतो. २०१६ मध्ये बँकेचा फॉर्म भरताना आपण जी चूक केली होती ती मी संगणकावर जशीच्या तशी पुन्हा केली.

टिपण मी तिसऱ्यांदा लिहिलं. त्यात म्हटलं की सीटीव्ही जपून आखलेली आहे, तिच्यातून काय घडू शकतं ते मोजता येतं, ती मला मान्य आहे. पण आमच्या कंपनीने ती वापरायची झाली तर दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. प्रत्येक पुडीला सह्यांची दुसरी वाट हवी. आणि पत्ता एकदा वापरला की सॉफ्टवेअरने तो पुन्हा दाखवताच कामा नये. पुढे कॅटवर लिहायची वेळ आली तेव्हा मी दोनच शब्दांत शेवट केला, "अजून नाही." सीटीव्ही लागू करण्याची घाई २०२२ च्या एप्रिलमध्ये झाली, तिला मोठा विरोध झाला आणि ती बारगळली. आज, डिसेंबर २०२४ मध्येही, ती लागू झालेली नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही आणि आनंदही नाही. काम चालू आहे.

कुणी म्हणेल, एवढं कशाला घाबरायचं? दुसऱ्या चलनांत तर हवी ती अट लिहायची मोकळीक आहे. खरं आहे. इथेरियममध्ये आहे. २०१६ च्या १७ जूनला तिथल्या 'डाओ' नावाच्या सामायिक निधीतून अटीतल्याच एका फटीमधून छत्तीस लाख इथर वळवले गेले. ते परत मिळवायला साधारण महिन्याभराने अख्ख्या चलनाच्या नियमांतच अपवाद करावा लागला, आणि ज्यांना ते पटलं नाही ते वेगळे झाले. यंदाच्या १८ जुलैला आपल्याकडच्या वझीरएक्स या बाजाराच्या तिजोरीतून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. ती तिजोरीही तिकडचीच, अनेकांच्या सह्यांची. पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली दुसऱ्याच मजकुरावर, असं कंपनीने सांगितलं. सह्या किती लागतात यापेक्षा सही करणारा काय पाहतो हे महत्त्वाचं, एवढं मी त्यातून घेतलं. ज्यांचे पैसे त्यात अडकले आहेत त्यांच्यात आपल्या तुकडीतलाही एकजण आहे. तो आज आलेला आहे, हसतोही आहे, पण जेवताना त्याच्याशी थोडं बोला.

मित्रहो, आपण दहावी झालो तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं. शाळेत एकच संगणक होता, तोही खोलीत कुलपात, आणि किल्ली काकांच्या कमरेला. आज आपली मुलं काय काय शिकतात ते आपल्याला नीट उच्चारताही येत नाही. पण एखादी नवी गोष्ट घ्यायची की नाही, हे ठरवायला लागणारी अक्कल मला तरी याच शाळेतून मिळाली. टिपण लिहिताना मी आजही कागदाच्या डाव्या बाजूला उत्तर लिहितो, उजवी बाजू ताळ्यासाठी कोरी ठेवतो, आणि ती भरल्याशिवाय कागद पुढे पाठवत नाही. ती भरताना संगणक न जाणणाऱ्या निदान एका माणसाला फोन करतो. कुणाला, ते तुम्हाला कळलंच आहे. त्या फोनचा मोबदला म्हणून तिने आजवर फक्त एकदा बसस्टँडवरच्या भज्यांचे पैसे माझ्याकडून घेतले आहेत.

जाता जाता निधीबद्दल एक प्रस्ताव. आज दुपारी सर्वसाधारण सभा आहे. नव्या खात्यावर तीन नावं घालू, त्यातल्या कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील असं लिहू, आणि दर दोन वर्षांनी मेळाव्यात ती नावं पुन्हा वाचून दाखवू. बिटकॉइन नको, संगणक नको. फॉर्म मी भरून आणला आहे. सही करायच्या आधी तो पाटल्यावाल्या मैत्रिणीला वाचू द्या, एवढीच विनंती.

आणि सर, तो अर्धा गुण तुम्ही बरोबरच कापला होता. वडील आज असते तर त्यांनाही मी हेच सांगितलं असतं.